तेरचे वस्तुसंग्रहालय : गावात असण्याचा उपयोग

महाराष्ट्रातील धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. वारकऱ्यांना ते संत गोरोबाकाकांच्या समाधीमुळे ठाऊक असते, तर पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ‘तगर’ या प्राचीन नावामुळे. गावात राज्य शासनाचे एक वस्तुसंग्रहालय आहे आणि त्याला गावातल्याच एका माणसाचे नाव आहे : रामलिंगप्पा लामतुरे. लामतुरे व्यापारी होते. शिवारात नांगरट करताना, नदीच्या दरडी ढासळताना, पावसाने जमीन धुपल्यावर ज्या जुन्या वस्तू वर येत, त्या त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या. त्या खाजगी संग्रहातून हे संग्रहालय उभे राहिले. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांत भाजक्या मातीच्या आणि पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती आहेत, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी आणि हस्तिदंती काम आहे, शिवाय रोमन नाण्यांची मातीत केलेली अनुकरणेही आहेत. यांतला मोठा भाग सातवाहन काळातला, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो.

पुस्तकाचे परीक्षण करतात, नाटकाचे करतात. संग्रहालयाचे परीक्षण मात्र आपल्याकडे क्वचितच होते. फार तर ‘अवश्य भेट द्या’ किंवा ‘दुरवस्था झाली आहे’ एवढेच लिहिले जाते. या टिपणात इमारत, दिवे, कपाटे यांविषयी काही म्हणायचे नाही, कारण मांडणी बदलता येते आणि बदलतेही. प्रश्न संग्रहाबद्दलचा आहे. या वस्तू मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात असत्या तर त्यांना अधिक प्रेक्षक मिळाले असते. मग त्या तेरमध्येच असण्याचा उपयोग काय, आणि तो उपयोग करून घेतला जातो का?

आधी तेर म्हणजेच तगर हे आपल्याला कसे कळले ते पाहू. हा भाग इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपतो, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्यातच खरा रस वाटावा.

‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हा ग्रीक भाषेतला, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रंथ आहे. बंदरे, वारे आणि मालाच्या याद्या असे त्याचे स्वरूप आहे. लेखकाचे नाव माहीत नाही. त्यात बॅरिगाझा, म्हणजे गुजरातमधले भडोच, या बंदराच्या संदर्भात दक्षिणेकडच्या दोन शहरांचा उल्लेख येतो. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, एक फार मोठे शहर. पैठणहून मौल्यवान दगड येत. तगरहून कापड येई, साधे पुष्कळ आणि तलम मलमलीचे नाना प्रकारही. हा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदराला पोचे. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचे नाव आहे.

हे तगर कुठले यावर एकोणिसाव्या शतकात बरेच तर्क झाले. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर. १९०१ साली जे. एफ. फ्लीट या अभिलेखतज्ज्ञाने तगर म्हणजे तेर असे मांडले आणि ते आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. नकाशा समोर घेऊन हे तपासून पाहा. भडोच ते पैठण हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. वीस दिवसांनी भागले की दिवसाला साडेसतरा किलोमीटर येतात. पैठण ते तेर सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. दहाने भागले की पंधरा. वाट काही सरळ रेषेत जात नाही, म्हणून दोन्ही आकडे थोडे वाढवा. भरलेली बैलगाडी दिवसभरात जेवढे चालेल तेवढेच ते येतात, आणि दोन्ही टप्प्यांचा वेग जवळपास सारखा येतो. अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याचे मोजमाप आपल्या मोजमापाशी असे जुळते.

दिशा मात्र तितकीशी जुळत नाही. ग्रंथ पूर्व म्हणतो, आणि तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, त्यातही पूर्वेपेक्षा दक्षिणेकडे अधिक कललेले. तेव्हा एकट्या अंतरावर निकाल देता येणार नाही. इथे दुसरे पुरावे मदतीला येतात. ‘तगर’ या शब्दातला मधला ‘ग’ प्राकृतात झिजला की ‘तयर’ आणि मग ‘तेर’ हा उच्चार येणे भाषेच्या नियमांना धरून आहे. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. राज्य दूर गेले तरी मूळ गावाचे नाव त्यांनी शेकडो वर्षे सोडले नाही. आणि तिसरा पुरावा जमिनीतला : रोमशी व्यापार असलेल्या काळाच्या वस्तू तेरमध्ये ढिगांनी सापडतात.

वेगवेगळ्या जातीचे तीन-चार पुरावे, एकेकटे अपुरे, पण एकमेकांना आधार देणारे. तेरच्या संग्रहालयाचे पहिले दालन याच तपासाचे असायला हवे, असे माझे मत आहे. ‘तेर हे प्राचीन तगर होय’ ही पाटी वाचून विद्यार्थी पुढे सरकतो. भडोच, पैठण आणि तेर दाखवणारा नकाशा आणि शेजारी हा भागाकार असेल तर तो थांबेल आणि बहुधा हुज्जतही घालेल. निष्कर्षाबरोबर त्याची वाटही दाखवली पाहिजे ही माझी अपेक्षा, आणि पुढचे सगळे परीक्षण याच मापाने केले आहे.

आता लामतुऱ्यांच्या संग्रहाकडे वळू. मराठीत गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसे शतकानुशतके जिथे राहिली तिथे राख, शेण, मातीच्या भिंतींचा चुरा, हाडे, खापरे यांचे थर साचतात आणि जमीन पांढुरकी, उंच होते. वस्ती हलली की मागे पांढरीचे टेकाड उरते. ही माती पिकाला चांगली, म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकतात, आणि जुन्या भाजक्या विटा नव्या घरांच्या भिंतींत जातात. महाराष्ट्रातली कित्येक प्राचीन टेकाडे अशीच संपली. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. शेताला खत हवे होते आणि घराला विटा.

हे लक्षात घेतले तर लामतुऱ्यांच्या कामाची किंमत कळते. एका खेड्यातल्या माणसाने, विद्यापीठाच्या किंवा सरकारच्या आदेशाशिवाय, इतरांना कचरा वाटणारी खापरे आणि मणी गोळा करून ठेवले. ते गोळा झाले नसते तर खतात गेले असते किंवा नाणेविक्रेत्याच्या डबीत. तेरचे नाव अभ्यासकांच्या नकाशावर ठळक झाले त्याला या संग्रहाचाही हातभार आहे. १९६० साली ब्रिटिश कलाभ्यासक डग्लस बॅरेट यांनी तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, ती इथल्या वस्तूंच्या जोरावर.

तरीही संग्रहाची एक मूळची उणीव आहे, आणि ती आदरापोटी झाकून ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते, म्हणून ती माझ्या विषयाच्या भाषेत सांगते. इमारतीच्या पायासाठी जमिनीत बोअर घेतात आणि निरनिराळ्या खोलीवरचे मातीचे नमुने पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत आणतात. प्रत्येक पिशवीवर बोअरचा क्रमांक आणि खोली लिहिलेली असते. ती चिठ्ठी गळून पडली तर नमुना निकामी होतो. माती तीच असते. तिची घनता मोजता येते, आर्द्रता मोजता येते, चाळणीतून कण वेगळे करता येतात. आकडे सगळे बरोबर येतात, पण ते कुठल्या खांबाच्या पायाखाली लावायचे हे कोणालाच सांगता येत नाही. मातीपेक्षा चिठ्ठी मोलाची असते, हे विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी पटत नाही, नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात पटते.

जमिनीवरून वेचलेल्या वस्तूंना अशी चिठ्ठी नसते. नांगराने वर आलेला मणी कुठल्या थरातला हे नांगरालाच ठाऊक. तो सातवाहन काळातल्या घराच्या जमिनीवर पडला होता की हजार वर्षांनी खणलेल्या एखाद्या खड्ड्यात, त्याच्या शेजारी चूल होती की भट्टी, त्याच्याबरोबर नाणे होते का, हे सगळे प्रश्न तो उचलला गेला त्या क्षणी मिटले.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण म्हणजे संग्रहातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू, हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिची कथा समजण्यासाठी थोडा वेळ इटलीला जावे लागेल. १९३८ साली पॉम्पेई या शहरातल्या एका घरात पुरातत्त्वज्ञ अमेडेओ मायुरी यांना साधारण पाव मीटर उंचीची एक हस्तिदंती मूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. घडण स्पष्टपणे भारतीय आहे. मूर्तीला वरून भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावी असे तर्क झाले. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले, आता बहुतेक जण यक्षी म्हणतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. व्हेसुव्हियसच्या राखेने पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये गाडले गेले, म्हणजे ही मूर्ती त्याआधीची, यात शंकेला जागाच नाही. ती तारीख मूर्तीवर कोरलेली नाही. ती जिथे पडली होती त्या जागेने दिली.

तेरची मूर्ती पॉम्पेईच्या मूर्तीच्या जातीची आहे. मराठवाड्यातच, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात, अशाच एका हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला. या साम्यावरून पॉम्पेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी असे काही अभ्यासकांनी मांडले. प्रश्न पूर्ण मिटलेला नाही, कारण पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्येची लिपी. पण या तिन्ही मूर्ती शेजारीशेजारी ठेवल्या की एक विचित्र गोष्ट दिसते. तेरची मूर्ती ज्या गावात सापडली तिथेच आहे, पण तिचा काळ ठरवायचा तर भोकरदनला किंवा थेट इटलीला जावे लागते. पॉम्पेईची मूर्ती मायभूमीपासून हजारो किलोमीटर दूर, पण तिचा काळ पक्का. गावात राहिलेल्या मूर्तीला गावच्या जमिनीचा पुरावा नाही.

ही गोष्ट संग्रहालयाने लपवू नये, उलट तीच सांगावी. आपल्याकडच्या पाटीवर बहुधा तीन गोष्टी असतात : वस्तूचे नाव, ती कशाची आहे आणि काळ. ‘हस्तिदंती स्त्रीमूर्ती, सातवाहन काळ.’ प्रेक्षकाला वाटते की काळ मूर्तीवरच लिहिलेला असावा. त्याऐवजी पाटी अशी असू शकते : ‘हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तेरच्या परिसरात मिळाली, थराची नोंद नाही. इटलीत पॉम्पेई येथे इ.स. ७९ पूर्वीची अशीच मूर्ती सापडली आहे, त्या साम्यावरून ही इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासची असावी.’ तीन वाक्ये, फार तर तीस-पस्तीस शब्द. त्यात ‘असावी’ हा शब्द आला म्हणून मूर्तीचा मान कमी होत नाही.

तेरमध्ये पद्धतशीर उत्खननही झाले आहे. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी ते केले आणि त्याचा अहवाल पुढे पुस्तकरूपाने आला. त्यानंतरही वेळोवेळी उत्खनने झाली. म्हणजे तेरच्या वस्तूंचे दोन वर्ग पडतात : वेचलेल्या आणि थरातून काढलेल्या. प्रयोगशाळेतल्या दोन प्रतीच्या नमुन्यांसारखे हे वर्ग आहेत, आणि दोन्ही एकाच कपाटात, एकाच प्रकारच्या पाटीखाली ठेवणे म्हणजे चांगल्या मोजमापात अंदाज मिसळणे. पाटीच्या कोपऱ्यात दोन रंगांचे ठिपके लावले तरी प्रेक्षकाला हा फरक कळेल. मग एक सोपे कोडे त्याच्यापुढे ठेवता येईल : थरातून निघालेल्या या मण्यासारखाच हा वेचलेला मणी दिसतो, तर याचा काळ काय म्हणाल? एकाच्या आधारे दुसऱ्याचा काळ ठरवणे हेच तर पुरातत्त्वज्ञाचे रोजचे काम.

थराची नोंद असली की काय घडते हे पाहायचे तर देशातच दुसरे एक गाव आहे. तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात, मदुराईजवळ, कीळडी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१४ पासून आणि नंतर राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले. २०२३ मध्ये तिथे चेट्टिनाड घरांच्या शैलीतले संग्रहालय उघडले. कीळडीच्या वस्तू पहिल्यापासून चरातून, मोजून काढलेल्या आहेत. तिथल्या ३५३ सेंटिमीटर खोलीवरच्या एका नमुन्याची कार्बन तारीख इ.स.पू. ५८० च्या सुमाराची आली आणि तमिळ इतिहासाच्या कालक्रमावर मोठा वाद पेटला. त्या वादात राजकारण किती आणि पुरावा किती हा वेगळा विषय. पण वाद घालता येतो तो ‘३५३’ हा आकडा नोंदलेला आहे म्हणून. ज्याला निष्कर्ष मान्य नाही तो खोली, थर, नमुन्याची निवड यांवर बोट ठेवू शकतो. तेरच्या वेचलेल्या मूर्तीबद्दल असा वादच संभवत नाही, कारण बोट ठेवायला जागा नाही.

कीळडीची तुलना लामतुऱ्यांना कमी लेखण्यासाठी केलेली नाही. सरकारी पैसा, प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसे त्यांच्याकडे नव्हती. पण एक गोष्ट तेरकडे आहे जी पैशाने मिळत नाही, आणि ‘गावात असण्याचा उपयोग काय’ या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडते. तेरच्या संग्रहालयात येणाऱ्या प्रेक्षकांपैकी काहींना ती जमीन ठाऊक आहे. मुंबईतल्या प्रेक्षकासाठी ‘तेर परिसर’ हा नकाशावरचा एक ठिपका आहे. तेरच्या शेतकऱ्यासाठी तो अमुक गट क्रमांक, तमुक बांध, ओढ्याचे वळण, आजोबांनी विहीर खणली ती जागा असा असतो. कुठल्या रानात नांगराला विटा लागतात, कुठल्या दरडीतून पावसाळ्यानंतर मणी मिळतात, कुठली पांढरी कोणत्या काळात शेतात गेली, ही माहिती गावात तोंडी आहे. ती लिहून घेतली तर थर मिळणार नाही, पण ठिकाण मिळेल. ‘तेर परिसर’ याऐवजी ‘नदीच्या पश्चिमेच्या रानातून’ एवढे जरी कळले, तरी वीस हजार वस्तूंचा नकाशा काढता येईल आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे एका भागात, मूर्ती दुसऱ्या भागात, असे काही दिसते का ते पाहता येईल. कारागिरांची वस्ती कुठे होती असे प्रश्न मग निदान विचारता तरी येतील.

ही माहिती कमी प्रतीची आहे, आठवणीवर आधारलेली आहे, चुकीची असू शकते. तिच्यावर तसे लिहावे. सर्वेक्षणात आम्ही पावलांनी मोजलेले अंतरही फील्ड बुकात लिहितो, फक्त ते पावलांनी मोजले असे नमूद करतो. पण ही नोंद आता लवकर झाली पाहिजे. ज्यांनी लामतुऱ्यांना पाहिले, त्यांच्याकडे सापडलेल्या वस्तू नेऊन दिल्या, ती माणसे म्हातारी झाली असणार. शहरातले मोठे संग्रहालय हे काम करू शकत नाही. गावातले करू शकते, आणि करत नसेल तर त्याचे गावात असणे केवळ पत्त्यापुरते उरते.

तेरच्या विटांबद्दलही बोलले पाहिजे, कारण तिथे गेलेला अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी त्यांच्याविषयी विचारतो. गावातले त्रिविक्रम मंदिर मागच्या बाजूने अर्धवर्तुळाकार आहे आणि मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावे असे मानतात. असे विटांचे जुने चैत्य उभे राहिलेले फार थोडे आहेत. आंध्र प्रदेशातले चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे दुसरे उदाहरण. तेर पाण्यावर तरंगणाऱ्या जुन्या विटांसाठीही प्रसिद्ध आहे. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराच्या शिखराच्या विटांबद्दलही हेच सांगतात. ऐकणारा ‘चमत्कार’ म्हणतो, मार्गदर्शक ‘प्राचीन तंत्रज्ञान’ म्हणतो, आणि दोघेही तिथेच थांबतात. नेहमीच्या विटेची घनता घनमीटरला १६०० ते १९०० किलोग्रॅम असते. वीट तरंगायला ती १००० च्या खाली हवी, म्हणजे विटेत पोकळी पुष्कळ हवी. मातीत भुसा किंवा तूस मिसळून भाजले की ते जळून जाते आणि छिद्रे राहतात. पण ही छिद्रे एकमेकांना जोडलेली असतील तर त्यांत पाणी शिरते आणि वीट हळूहळू बुडते. म्हणून ‘तरंगते का’ यापेक्षा ‘किती वेळ तरंगते’ हा प्रश्न अधिक सांगून जातो. एक वीट, एक तराजू, एक मोजपट्टी, पाण्याची बादली आणि घड्याळ एवढ्यात दहावीचा मुलगाही हे करून पाहील. अर्थात मूळ वीट बुडवू नये, तशी बनवून बुडवावी. कुंभारांच्या गावात ती बनवायला अडचण पडू नये. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते ओळखले ही कथा महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे, आणि बांधकामावरचा मिस्त्री आजही दोन विटा एकमेकींवर आपटून आवाजावरून पक्की वीट ओळखतो.

शेवटचा मुद्दा संग्रहात नसलेल्या वस्तूचा. पेरिप्लसमध्ये तगरचे नाव आले ते मूर्तींसाठी नाही आणि मण्यांसाठीही नाही. तगर प्रसिद्ध होते कापडासाठी. वीस हजारांवर वस्तूंत ते कापड कुठे आहे? नाही, आणि असणारही नाही. कापूस आमच्या हवेत, काळ्या ओल्या जमिनीत दोन हजार वर्षे टिकत नाही. टिकते ती माती, दगड, शंख, हाड, धातू. म्हणजे शहर ज्यावर जगले ती वस्तू सोडून बाकी सगळे संग्रहालयात आहे. निर्यात करणाऱ्या गावात तसेही निर्यातीचा माल राहत नाही, तो गेलेला असतो. तो सापडायचा तर दुसऱ्या टोकाला. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे रोमन काळातले बंदर होते. तिथल्या कोरड्या वाळवंटात सुती कापडाचे तुकडे टिकले आणि उत्खननात मिळाले. त्यांतले बरेच भारतीय आहेत हे अभ्यासकांनी ओळखले ते सुताच्या पिळावरून. इजिप्तमध्ये सूत एका दिशेने पिळत, भारतात उलट दिशेने. तो तुकडा तगरचा होता असे कोणी म्हणू शकत नाही, पण त्या तुकड्याचे छायाचित्र, पिळाची दिशा दाखवणारे दोन दोरे आणि त्यांच्याशेजारी मुद्दाम रिकामे ठेवलेले एक कपाट, असे दालन तेरमध्ये झाले तर तगरचा धंदा काय होता हे पन्नास मूर्तींपेक्षा लवकर कळेल. कापूस तर आजूबाजूला पिकतोच.

तेरला गेलात, किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या अशाच एखाद्या लहान संग्रहालयात गेलात, तर हे करून पाहा. कुठलीही एक वस्तू निवडा. तिच्याबद्दल पाटी जे सांगते ते वहीत डाव्या बाजूला लिहा. उजव्या बाजूला प्रत्येक विधानासमोर ते कशावरून कळले असेल ते लिहा : पाहून, मोजून, थरावरून, दुसऱ्या वस्तूशी ताडून, की कोणी सांगितले म्हणून. उजवी बाजू बरीच कोरी राहील. मग तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. लहान संग्रहालयात विचारले तर बोलायला माणूस भेटतो, आणि कधीकधी पाटीपेक्षा त्याला अधिक ठाऊक असते.

आणि शेतात, नदीत, बांधकामाच्या खड्ड्यात काही जुने दिसले तर? १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानेही अशा वस्तूंच्या व्यापारावर निर्बंध आहेत. पण कायद्याआधी चिठ्ठीचा विचार करा. वस्तू उचलण्यापूर्वी तिचे जागेवरच छायाचित्र घ्या, शेजारी पेन किंवा मोजपट्टी ठेवून. एक जवळून, एक लांबून, ज्यात झाड किंवा बांध दिसेल. फोनवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश मिळतात, ते लिहून घ्या. खड्ड्यात असेल तर वरच्या जमिनीपासूनची खोली मोजा. मग तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. लामतुऱ्यांच्या काळी हे सगळे करायला एक पथक लागले असते. आता खिशातल्या फोनवर पाच मिनिटांत होते.